दहा महिने कुलूप असलेलं कोकणातलं घर आणि पाच कॅमेरे

बंद घरासाठी कॅमेरे कसे निवडावेत हे दाखवायला नमुन्यासाठी घेतलेलं घर रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत आहे. जुनं चिरेबंदी, मंगलोरी कौलांचं. पुढे ओटी, मधे माजघर आणि देवघर, एका अंगाला पडवी, मागे न्हाणीघर आणि मागलं दार. अंगणाला गडगा (दगडी कुंपण) आणि तिथून वरच्या रस्त्यापर्यंत पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट. विहीर घरापासून चाळीसएक मीटर खाली आणि तिच्यावर पंप. दोघे भाऊ डोंबिवलीला आणि ठाण्याला. गणपतीत दहा-बारा दिवस, शिमग्याला पाच-सहा, मे महिन्यात तीन आठवडे घर उघडतं. बाकी सगळं वर्ष कुलूप. किल्ली शेजारच्या काकांकडे.

जपायचं काय, तर तांब्यापितळेची भांडी, देवघरातले टाक, इन्व्हर्टरची बॅटरी, गॅसचा सिलिंडर, पंप आणि पंपाची केबल. रोख किंवा दागिने घरात नसतातच.

अशा घरासाठी पहिलं कोटेशन बहुतेक वेळा सारखंच येतं: आठ मेगापिक्सेलचे आठ कॅमेरे, त्यातला एक अंगणात गोल फिरणारा, दोन टीबीची डिस्क, एक छोटा यूपीएस. कागदावर ते भरघोस दिसतं. पण रात्री अडीच वाजता डोंबिवलीत फोन वाजला, तर जवळपास तीनशे किलोमीटरवरच्या घरी कोण जाणार, हे त्यात कुठेच नसतं. वीज गेल्यावर यंत्रणा किती तास जिवंत राहणार, हेही नसतं. बंद घराची निवड या दोन प्रश्नांपासून सुरू करावी. कॅमेऱ्याचं मॉडेल सगळ्यात शेवटी ठरवावं.

आधी माणूस

इथे जाणारा माणूस म्हणजे शेजारचे काका आणि त्यांचा मुलगा. त्यांनी एकट्याने आत शिरायचं नाही. गडग्याबाहेरून टॉर्च मारायचा, हाक द्यायची, वाडीतल्या आणखी दोघांना उठवायचं, ११२ वर फोन करायचा आणि पोलीस पाटलांना कळवायचं, एवढंच ठरलं. हे कागदावर लिहून दोन्ही घरांत लावलं. काकांच्या फोनवर फक्त बाहेरचे कॅमेरे दिसतात, माजघरातला दिसत नाही. घरची मंडळी राहायला आली की त्यांचा खाजगीपणा जपला जावा, म्हणून ही सोय पहिल्या दिवशीच करायची.

माणूस ठरला की इशाऱ्यांची संख्याही ठरते. दिवसाला चाळीस इशारे आले, तर आठवड्याच्या आत प्रत्येक जण ॲपचा आवाज बंद करतो. कोकणातल्या अंगणात वानरं, कुत्री, वाऱ्यावर हलणारी केळीची पानं, काजवे, पाऊस या सगळ्यांनी साधी हालचाल-ओळख दिवसभर वाजत राहते. म्हणून माणूस ओळखणारी सोय कॅमेऱ्यातच असावी आणि ती पूर्ण चित्राला न लावता आखलेल्या पट्ट्यालाच लावावी.

सगळ्यात उपयोगी कॅमेरा घरात

चोर दारातूनच येतो हे गृहीत धरून चालत नाही. कौलारू घरात पाच-सहा कौलं सरकवली आणि दोन रिपा कापल्या की माणूस माळ्यावर उतरतो. बाहेरच्या चारही कॅमेऱ्यांना तो दिसत नाही, कारण छपरावर कोणाचीच नजर नसते. पण माळ्यावरून, खिडकीतून किंवा मागल्या दारातून कुठूनही शिरला, तरी त्याला माजघरातूनच जावं लागतं. म्हणून माजघरातला एक कॅमेरा या घरात सर्वांत मोलाचा. आत वारा नाही, पाऊस नाही, वानर नाही. फार तर मांजर किंवा वटवाघूळ, आणि माणूस ओळखणारी सोय त्यांना बहुतेक वेळा गाळते. इथून आलेला इशारा खरा धरून लगेच फोन करायचा.

पहिल्या कोटेशनमधल्या आठांपैकी एकही आत नव्हता.

चार पर्याय, आणि कोणते का गाळले

स्वस्तात स्वस्त म्हणजे सुटे वायफाय कॅमेरे, प्रत्येकात मेमरी कार्ड. शहरातल्या दोन खोल्यांना ठीक. इथे दीड फुटाची चिऱ्याची भिंत आहे. अशा दोन भिंती ओलांडल्या की सिग्नल तुटतो. शिवाय प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळा प्लग आणि अडॅप्टर लागतो, आणि पावसाळी दमट हवेत आधी अडॅप्टर जातो.

दुसरा, कोॲक्स केबलवरचे ॲनालॉग कॅमेरे आणि डीव्हीआर (त्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र). टिकाऊ आणि गावातल्या मेकॅनिकच्या ओळखीचे. अडचण बारा व्होल्टच्या लांब वायरीची. हिशोब सोपा आहे: चाळीस मीटरवर ०.५ चौ.मिमी तांब्याच्या वायरीचा जाऊन-येऊन रोध साधारण २.७५ ओहम. रात्री अंधारात पाहण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे लागल्यावर कॅमेरा ०.५ अँपिअर ओढतो, म्हणजे १.४ व्होल्ट वाटेतच संपतात आणि कॅमेऱ्यापर्यंत १०.६ पोचतात. दिवसा चित्र छान, तिन्हीसांजेला कॅमेरा बंद-चालू व्हायला लागतो. अशी तक्रार आली की लोक कॅमेरा बदलतात. दोष वायरीत असतो.

तिसरा, एकाच नेटवर्क केबलमधून वीज आणि चित्र नेणारे पीओई कॅमेरे. वीज ४८ व्होल्टच्या आसपास जाते, त्यामुळे वाटेतली घट जाणवत नाही. शंभर मीटरपर्यंत चालतं. एकाच जागी बॅकअप दिला की सगळे कॅमेरे जगतात. घरासाठी हाच निवडला.

चौथा, सिमकार्ड आणि सौर पॅनेलवर चालणारा ४जी कॅमेरा. एकट्याच्या भरवशावर तो घेऊ नये. बॅटरी वाचवण्यासाठी तो झोपलेला असतो आणि अंगाची उष्णता टिपणाऱ्या सेन्सरने जागा होतो. हा सेन्सर शरीर आणि मागची पार्श्वभूमी यांच्या तापमानातला फरक ओळखतो. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या चिऱ्याचं तापमान अंगाएवढं झालं की तो आंधळा होतो. जागं व्हायलाही क्षण-दोन क्षण लागतात. झपाझप चालणारा माणूस तोवर पाठ दाखवून जातो. पण विहिरीजवळ हाच योग्य ठरला. तिथे घरापासून तांब्याची केबल नेली असती, तर आभाळातली वीज तिच्यातून घरातल्या यंत्रापर्यंत येऊ शकली असती. शिवाय घरातली वीज आणि इंटरनेट दोन्ही गेले, तरी हा एक डोळा उघडा राहतो.

कुठे, किती उंचीवर, कोणतं भिंग

चार मेगापिक्सेलचं चित्र २५६० ठिपके रुंद असतं. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखण्याजोगा हवा असेल, तर एका मीटरला २५० ठिपके लागतात. ओळखीचा माणूस कळायला १२५ पुरतात. २५६० ला २५० ने भागलं की सव्वादहा मीटर रुंदीचा पट्टा येतो. ४ मिमी भिंग साधारण ८० अंश पाहतं, म्हणजे एवढा पट्टा ६ मीटरवर पडतो. २.८ मिमी भिंग शंभर अंश पाहतं. त्याला तीच स्पष्टता ४ मीटरच्या थोडं पुढपर्यंतच मिळते. विक्रेता म्हणतो तसं २.८ मध्ये ‘सगळं अंगण येतं’ हे खरं, पण चेहरा येत नाही.

म्हणून पाखाडीची शेवटची पायरी जिथे अंगणात उतरते, तिथून पाच मीटरवर ओटीच्या खांबावर ४ मिमीचा कॅमेरा. उंची २.६ मीटर. माणसाचा चेहरा १.६ मीटरवर असतो. माणूस चार मीटरवर आला, तरी कॅमेरा चौदा अंशच खाली बघतो आणि चेहरा सरळ मिळतो. हाच कॅमेरा ‘हाताला लागू नये’ म्हणून साडेचार मीटरवर लावला असता, तर कोन ३६ अंशांचा झाला असता आणि टोपी आणि खांदेच दिसले असते. ओटीच्या सावलीतून लख्ख अंगणाकडे बघायचं असल्याने याला १२० डेसिबलचं खरं डब्ल्यूडीआर (ऊन आणि सावली एकाच चित्रात नीट दाखवणारी सोय) हवं. त्याशिवाय दुपारी माणूस काळी सावली दिसतो.

मागल्या दाराला २.८ मिमी, साडेतीन मीटर अंतरावरून. पडवीच्या बाजूला आणखी एक ४ मिमी, कारण शिडी तिथेच ठेवलेली असते. शिडी आत नेऊन कुलपात ठेवणं हे कोणत्याही कॅमेऱ्याआधी करायचं काम. चौथा माजघरात, कोपऱ्यात, २.८ मिमी. पाचवा विहिरीवरचा.

आठ मेगापिक्सेल का नाही? त्याच आकाराच्या सेन्सरवर दुप्पट ठिपके बसवले की प्रत्येक ठिपका बारीक होतो आणि रात्री चित्रात दाणे येतात. डिस्कही जवळपास दुप्पट लागते. पैसे जास्त घालायचेच असतील, तर चार मेगापिक्सेलमध्येच मोठा सेन्सर असलेला कॅमेरा घ्यावा. फिरणारा कॅमेरा तर बंद घरात नकोच; घटना घडते तेव्हा तो दुसरीकडे बघत असू शकतो, आणि फिरणारा भाग दमट हवेत सगळ्यात आधी अडकतो.

आकाराबद्दल एक ठाम मत: पारदर्शक घुमटाचा डोम बाहेर लावू नये. घुमटावर पाण्याचे थेंब आणि शेवाळ धरतं, आणि रात्री इन्फ्रारेड त्याच घुमटावरून परत भिंगात येतो. उघड्या गोळ्यासारखा टरेट कॅमेरा घ्यावा, आयपी६७ दर्जाचा, म्हणजे धूळ-पाणी आत न घेणारा.

पागोळ्या

बाहेरच्या शहरातून आलेला मेकॅनिक हमखास चुकतो ती ही जागा. कॅमेरा पावसापासून वाचावा म्हणून तो छपराच्या वळचणीखाली, भिंतीला लावतो. जूनमध्ये कौलांवरून पागोळ्या गळायला लागतात आणि कॅमेरा आणि अंगण यांच्यामध्ये पाण्याचा पडदा उभा राहतो. रात्री इन्फ्रारेड त्या धारांवर उजळतो. सगळं चित्र पांढऱ्या रेघांचं होतं आणि पलीकडचं अंगण काळं. उपाय दोन. त्या टप्प्यापुरती पन्हळ लावायची, किंवा कॅमेरा पागोळ्यांच्या रेषेबाहेर खांबावर, स्वतःच्या टोपीखाली आणायचा. इथे ओटीला पन्हळ घातली, मागे कॅमेरा बाहेर काढला.

चित्राच्या कडेला वाशाचं टोक किंवा हाताच्या अंतरावर आंब्याची फांदी येत असेल, तरी तोच परिणाम होतो. जवळची वस्तू उजळते, कॅमेरा प्रकाश कमी करतो आणि मागचं सगळं बुडतं. कॅमेरा पक्का करण्याआधी रात्री चित्र पाहून मगच भोकं पाडावीत.

कोळी हा वेगळा विषय. दिव्याच्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि भिंगासमोरची एक तार रात्री जाड पांढऱ्या दोरीसारखी दिसते. अंगणात दोन-तीन मीटर बाजूला वेगळा इन्फ्रारेड दिवा लावून कॅमेऱ्यातला दिवा मंद केला की जाळी त्या दिव्यावर जातात. तरीही महिन्यातून एकदा काकांकडून मऊ झाडूने साफ करून घ्यावं लागतं.

वायर, सांधे, अर्थिंग

बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं, म्हणून या कामात हात आखडता घेऊ नये. कॅमेऱ्यांवर जेवढा खर्च, साधारण तेवढाच वायर, पाइप, अर्थिंग आणि बॅकअपवर धरावा.

केबल कॅट-६, शुद्ध तांब्याची, बाहेरच्या भागाला उन्हात न तडकणाऱ्या काळ्या वेष्टनाची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची केबल निम्म्या भावात मिळते. चाकूने तार खरवडून पाहिली की आतला पांढरा धातू दिसतो. ती घेऊ नये. अंतरं १४, १८, २२ आणि २६ मीटर, म्हणजे ८०. प्रत्येक केबलीला दोन मीटर जादा धरून ८८. शंभर मीटरचं बंडल पुरलं. सगळी केबल २५ मिमी पीव्हीसी पाइपातून, कारण माळ्यावर उंदीर असतातच.

प्रत्येक कॅमेऱ्यामागची शेपटी आणि आरजे४५चा (नेटवर्क केबलच्या टोकाचा) सांधा बंद डबीत. डबीत केबल खालून शिरावी आणि शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळावरून टपकतं. सांध्याला डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं, ओल अडवणारं) ग्रीस. एवढं केलं नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात पिना हिरव्या पडतात आणि कॅमेरा कधी लागतो, कधी नाही. डबीचं न वापरलेलं भोक सिलिकॉनने बुजवायचं. पाल आत शिरली की सर्किट जळतं.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात कोकणात विजा फार. जांभ्याच्या खडकाळ जमिनीत अर्थिंग नीट लागत नाही, आणि मे महिन्यात जमीन कोरडी झाली की आणखी बिघडतं. खड्डा खोल, शक्यतो न्हाणीघराच्या सांडपाण्याजवळच्या ओलसर जागी घ्यावा; मोजणी पाच ओहमच्या आत आणून दाखवल्याशिवाय बिल चुकतं करू नये. मुख्य बोर्डात सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारा), आणि बाहेरच्या तीन केबलींवर वेगळे पीओई सर्ज प्रोटेक्टर, सगळे त्याच अर्थिंगला. पीओई पोर्ट आतच असलेला एनव्हीआर (नेटवर्क कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) मुद्दाम टाळला. मधे वेगळा पीओई स्विच (कॅमेऱ्यांच्या केबली जोडून त्यांना वीज देणारी पेटी) ठेवला, म्हणजे झटका आलाच तर स्वस्तातला स्विच जळतो. रेकॉर्डिंग वाचण्याची शक्यता वाढते.

वीज गेल्यावर

बाहेरचे तीन आणि आतला एक मिळून वीस वॅट, स्विचची घट चार, डिस्कसह एनव्हीआर चौदा, राउटर आणि फायबरची डबी बारा. एकूण पन्नास वॅट, दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६.

कोटेशनमधल्या छोट्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते. पन्नास वॅटला ती पाऊण तास पुरते. झाड पडून तारा तुटल्या, तर गावात दोन-दोन दिवस वीज नसते. २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड भागात कित्येक दिवस नव्हती.

घरातला पाण्याच्या बॅटरीचा इन्व्हर्टर वापरावा असं वाटतं, पण महिनोन् महिने पाणी न घातलेल्या बॅटरीच्या प्लेटा कोरड्या पडून ती मरते. इथे १२.८ व्होल्ट १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. १२८० वॅट-तासांतले ९० टक्के वापरायचे, इन्व्हर्टरची घट आणि त्याचा स्वतःचा दहाएक वॅट खर्च वजा करायचा. सोळा तास मिळतात. हे सौर पॅनेलवर न्यायचं म्हटलं, तर जुलैच्या ढगाळ उन्हात सहाशे वॅटचे पॅनेल लागतील, म्हणून तो विचार सोडला. सोळा तासांनंतर विहिरीवरचा कॅमेरा एकटा राहतो.

आणखी एक घात बंद घरातच होतो. विजेच्या कडकडाटाने किंवा पंपाच्या ओलाव्याने आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. बाहेर वाडीत वीज असते, घरात नसते, आणि कोणालाच कळत नाही. यंत्रणेची सर्किट बोर्डातून वेगळी, स्वतःच्या आरसीबीओवर (तसाच स्विच, पण जादा भार आल्यावरही तोडणारा) काढली आणि एनव्हीआर ऑफलाइन झाल्याचा इशारा दोघा भावांना चालू ठेवला. तो आला की पहिला फोन काकांना: तुमच्याकडे वीज आहे का?

इंटरनेट आणि साठवण

चित्र दाबून लहान करणाऱ्या एच.२६५ पद्धतीने, सेकंदाला पंधरा चित्रं, २ एमबीपीएस ठेवलं की एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी भरतो. सिमच्या डेटावरून हे सतत क्लाउडवर पाठवणं शक्य नाही, आणि गरजही नाही. रेकॉर्डिंग घरातच, बाहेर फक्त इशारा आणि बघताना ०.५ एमबीपीएसचं हलकं चित्र. बाहेरचे तीन सतत, आतला हालचालीवर. दोन टीबीच्या डिस्कमध्ये सुमारे महिना मावतो. महिना हवाच, कारण काही गेलं आहे हे घरच्यांना पुढच्या फेरीतच कळण्याचा संभव असतो. डिस्क सीसीटीव्हीसाठी बनवलेली घ्यावी. संगणकाची साधी डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी नसते.

चोर एनव्हीआरच उचलून नेतात. तो टीव्हीशेजारी न ठेवता कोठीच्या कुलूपबंद कपाटात, हवेला जाळी ठेवून बसवला. शिवाय ओटीच्या आणि माजघरातल्या कॅमेऱ्यात १२८ जीबीचं कार्ड. सतत लिहिलं तरी पाच-सहा दिवस राहतं.

मोबाइलच्या इंटरनेटवर घराला स्वतःचा सार्वजनिक पत्ता बहुधा मिळत नाही, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट उघडण्याचा खटाटोप चालत नाही, आणि फायबरवर चालला तरी करू नये. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने मूळ पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. कंपनीच्या ॲपमधूनच बघावं, पासवर्ड लांब आणि वेगळा, दुहेरी पडताळणी चालू.

खरेदीच्या वेळी दोन गोष्टी अडून घ्याव्यात. ९ एप्रिल २०२५ पासून भारतात सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या अटी पूर्ण करून नोंदणी बंधनकारक आहे. लेबलवरचा आर-ने सुरू होणारा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये पडताळता येतो. आणि एनव्हीआर ॲपमध्ये जोडताना मालकाच्या खात्यावरच जोडायचा. बसवणारा घाईत स्वतःच्या खात्यावर जोडतो आणि वर्षाने त्याचा फोन लागत नाही, तेव्हा मालकाला स्वतःचंच घर दिसत नाही.

ताब्यात घेताना आणि नंतर

पैसे पूर्ण देण्याआधी एक संध्याकाळ चाचणीला. एकाने अंधारात पाखाडीवरून चालत यावं, दुसऱ्याने दूरवरून फोनवर चेहरा ओळखावा. मग मेन स्विच पाडायचा. कॅमेरे एक क्षणही न थांबता चालले पाहिजेत. फायबर काढायची, ऑफलाइनचा इशारा किती मिनिटांत येतो ते लिहून ठेवायचं. शेजाऱ्यांचं अंगण किंवा न्हाणीघर चित्रात येत असेल, तर तो भाग काळ्या पट्टीने कायमचा झाकायचा, आणि झाकला आहे हे त्यांना फोनवर दाखवायचं.

वर्षातून दोनदा, आगोटीला (पावसाळ्याच्या तोंडावर) आणि गणपतीत, डबी उघडून सांधे बघणं, सर्ज प्रोटेक्टरची खूण तपासणं, सिमची मुदत, आणि मागच्या वीस दिवसांपूर्वीचं एखादं चित्र खरंच उघडतंय का ते पाहणं. हिरवा दिवा लागलेला असतो आणि डिस्क महिन्यापूर्वीच मेलेली असते, असं होतं.

चोरी झालीच, तर एनव्हीआर पुसायचा-फिरवायचा नाही. आधी त्यावरची वेळ आणि फोनवरची वेळ यांतला फरक टिपायचा. घड्याळ इंटरनेटवरून जुळतं ठेवलं असेल, तर तो नसतोच. घटनेच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा तास धरून चारही कॅमेऱ्यांची मूळ फाइल पेनड्राइव्हवर काढायची. मोबाइलने पडद्याचं चित्रीकरण करून व्हॉट्सॲपवर पाठवू नये. दर्जाही जातो आणि पुरावा म्हणून वजनही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा गणिती ठसा) लिहावं लागतं. फाइल काढली की तेवढ्यातच हॅश काढून, तारीख-वेळेसह तक्रारीच्या कागदाला जोडावं, आणि डिस्कवर नवं रेकॉर्डिंग चढून जुनं पुसलं जाऊ नये म्हणून पोलीस येईपर्यंत ती काढून बाजूला ठेवावी, एनव्हीआरला दुसरी लावून.